बातमीची सनद

दिघा म्हणजे नवी मुंबईचे उत्तरेकडचे टोक. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी आणि मधून धावणारा ठाणे-बेलापूर रस्ता. इलठणपाड्याच्या वरच्या बाजूला इंग्रजांच्या काळात रेल्वेसाठी बांधलेले एक जुने धरण आहे. खाली एमआयडीसीचे कारखाने आणि कारखान्यांच्या आसऱ्याने वाढलेल्या वस्त्या. कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आणि उत्तर प्रदेशातून पोट घेऊन आलेली माणसे इथे एका भिंतीला भिंत लावून राहतात. चहाच्या टपरीवर एकच पेपर दहा जण वाचतात. ज्याला वाचता येत नाही तो ऐकतो, आणि जुम्म्याच्या नमाजनंतर त्या पेपरवर जी चर्चा रंगते ती एखाद्या संपादकाने एकदा तरी येऊन ऐकावी.

2015 च्या ऑक्टोबरात या टपऱ्यांवर दोन बातम्या जवळजवळ एकदमच येऊन पोचल्या. पहिली होती मुंबईच्या लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोट खटल्याची. बकरी ईद होऊन आठवडाही झाला नव्हता. 30 सप्टेंबर 2015 रोजी विशेष न्यायालयाने 12 जणांना शिक्षा सुनावली. पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. दुसरी बातमी दिघ्याचीच होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून दिघ्यातील 99 बेकायदा इमारतींवर कारवाई सुरू झाली होती. मराठी वर्तमानपत्रांच्या ठरलेल्या भाषेत सांगायचे तर ‘हातोडा’ पडला होता.

या दोन बातम्यांवर आम्ही तेव्हा दोन प्रकारची मते ऐकली. एक मत असे : ‘पेपरात छापून आले आहे, म्हणजे काहीतरी असणारच.’ दुसरे मत असे : ‘सगळे पेपरवाले विकले गेले आहेत, काही वाचण्यात अर्थ नाही.’ ही दोन्ही मते एकमेकांची शत्रू वाटतात, पण ती सख्खी भावंडे आहेत. दोघांनाही बातमी तपासण्याचे कष्ट नको असतात. एक डोळे मिटून मानतो, दुसरा डोळे मिटून नाकारतो. वाचणाऱ्याने तिसरा मार्ग धरायचा तर कसा, आणि आपल्या मराठी मुलुखाचा इतिहास त्याबद्दल काय सांगतो, हे पाहण्यासाठी हा लेख आहे.

घरातलाच तराजू

हा तराजू आपल्याला बाहेरून आणावा लागत नाही. कुरआन शरीफच्या सूरह हुजुरातमधील सहावी आयत बातमीविषयीच आहे. बेभरवशाचा माणूस खबर घेऊन आला तर आधी तिची तहकीक करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा कराल आणि मग पस्तावाल, असा तिचा आशय आहे. या आयतीत खबर खोटीच असते असे म्हटलेले नाही आणि ती टाकून द्या असेही म्हटलेले नाही. तपासा, एवढेच म्हटले आहे. आणि न तपासल्याचा परिणाम काय, तर कुणाला तरी इजा.

याच शिस्तीतून पुढे हदीसचे शास्त्र उभे राहिले. हदीस सांगताना तिच्यासोबत तिची सनद सांगावी लागे. हे मी अमक्याकडून ऐकले, त्याने तमक्याकडून, त्याने प्रत्यक्ष ऐकणाऱ्याकडून. इमाम बुखारींसारखे मुहद्दिस या साखळीची एकेक कडी वाजवून पाहत. हा माणूस त्या माणसाला खरोखर भेटला होता का? त्याची स्मरणशक्ती कशी होती? कुणाच्या बाजूने किंवा विरोधात बोलण्यात त्याचा काही लाभ होता का? एक कडी तुटली की मजकूर कितीही गोड असला तरी हदीस दुबळी ठरे.

आजच्या वर्तमानपत्रातील ‘सूत्रांनी सांगितले’ हे दोन शब्द या कसोटीवर ठेवून पाहा. कोणते सूत्र? त्याने स्वतः पाहिले की त्यालाही कुणी सांगितले? हे छापून आल्याने त्याचा काही फायदा आहे का? कधीकधी जिवाच्या किंवा नोकरीच्या भीतीने नाव लपवावे लागते, हे खरे. पण आरोपीचे नाव, गाव, गल्ली आणि बापाचे नावही छापून येते आणि आरोप करणारा मात्र ‘सूत्र’ राहतो, तेव्हा तराजूचे एक पारडे आधीच दाबलेले असते.

या शिस्तीतून आम्ही चार प्रश्न काढले. बातमी कोण सांगतो आहे आणि त्याला ती कशी कळली? ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारले का? जे शब्द वापरले ते सर्वांसाठी सारखेच वापरले जातात का? आणि पुढे सत्य वेगळे निघाले तर पेपर त्याच जागी, त्याच आकारात परत आला का?

दोन संपादक, एक दंगल

मराठी वृत्तपत्राची सुरुवात मोठ्या उमेदीची होती. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी निघाले. मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापणारे ते पत्र होते. राज्यकर्त्याची भाषा आणि रयतेची भाषा एकाच पानावर. नावच दर्पण, म्हणजे जसे आहे तसे दाखवणारे. पण आरसा कुणाच्या हातात आहे यावर त्यात काय दिसते ते ठरते, हे पुढच्या साठ वर्षांत स्पष्ट झाले.

11 ऑगस्ट 1893 रोजी, शुक्रवारी, मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा पेटला. प्रभासपाटणच्या दंग्याचे पडसाद म्हणून तो झाला असे मानले जाते. टिळकांच्या ‘केसरी’ने त्यावर सविस्तर लिहिले. सरकार मुसलमानांना झुकते माप देते आणि त्यामुळे ते शेफारतात, असा त्या लिखाणाचा रोख होता. सरकारवर टीका करण्याचा केसरीचा हक्क कुणी नाकारू नये. पण एका दंग्याचे खापर एका समाजाच्या वृत्तीवर फोडण्याची चौकट मराठी वृत्तपत्रांत तेव्हापासून रुळली, हेही नोंदवले पाहिजे.

त्याच मुंबईत, त्याच दिवसांत दुसरे एक मराठी संपादक होते. नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक परंपरेतील ‘दीनबंधू’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे नेते. रविवारची सुट्टी मिळवून देणारे म्हणून कामगार आजही त्यांचे नाव घेतात. लोखंडे यांनी दंग्यानंतर हिंदू-मुसलमानांत समेट व्हावा म्हणून धडपड केली आणि राणीच्या बागेत एकोप्याची मोठी सभा भरवली. गिरणीत एकाच सांच्यावर काम करणारा हिंदू आणि मुसलमान त्यांना माहीत होता. ज्याला माणसे माहीत असतात त्याला समाजांची भुते उभी करून लिहिणे जड जाते.

म्हणजे मराठी पत्रकारितेत पहिल्यापासूनच दोन वाटा आहेत. ‘मराठी पेपर मुसलमानांच्या विरोधात’ असे सरसकट म्हणणारा माणूस लोखंड्यांवर अन्याय करतो. आणि ही तक्रार आपली एकट्याचीही नाही. 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले ते याच कारणाने. त्या काळची बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहणारी होती आणि इतरांचे दुःख त्यांच्या पानांवर येत नव्हते. मूकनायकची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला केसरीने नकार दिला होता. ज्यांचा आवाज पानावर येत नाही त्यांनी दुसऱ्यांचे पेपर फाडण्यापेक्षा स्वतःचे पान काढावे, हा धडा बाबासाहेबांनी कृतीने दिला.

1992-93 : अतिशयोक्तीची किंमत

मुंबईच्या डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींविषयी आपल्या घरांत खूप बोलले गेले आहे. त्यात वृत्तपत्रांचा हात किती, याचे उत्तर मात्र आपल्या आठवणींवर सोडायला नको. ते एका न्यायमूर्तींनी लिहून ठेवले आहे.

न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग जानेवारी 1993 मध्ये नेमला गेला. जानेवारी 1996 मध्ये युती सरकारने तो गुंडाळला, त्याच वर्षी मे महिन्यात तो पुन्हा जिवंत झाला आणि 16 फेब्रुवारी 1998 रोजी त्याने अहवाल दिला. आयोगाच्या नोंदीनुसार दंगलीत 900 माणसे मेली. त्यांत 575 मुसलमान, 275 हिंदू, 45 ओळख न पटलेले आणि पाच इतर होते. आयोगाने स्पष्ट नोंदवले की जानेवारीत भावना भडकवण्यात वृत्तपत्रीय लिखाणाचा वाटा होता. ‘सामना’ आणि ‘नवाकाळ’ या दोन दैनिकांची नावे त्याने घेतली. माथाडी कामगारांचे खून आणि जोगेश्वरीची राधाबाई चाळ या घटनांची अतिरंजित वर्णने त्यांनी दिली, असा आयोगाचा निष्कर्ष होता.

इथे आपण थांबून एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. माथाडींचे खून खरे होते. राधाबाई चाळीत माणसे जिवंत जळाली हेही खरे होते, आणि त्या घराच्या दुःखापुढे कुणाही इमानदार माणसाने मान खालीच घातली पाहिजे. आयोगाने ‘खोटी बातमी’ म्हटले नाही, ‘अतिरंजित’ म्हटले. हा फरक फार महत्त्वाचा आहे. बातमी पक्षपाती होण्यासाठी ती खोटी असावी लागत नाही. एक खरी घटना इतकी मोठी करायची की तिच्या सावलीत बाकीच्या सगळ्या खऱ्या घटना झाकून जाव्यात, एवढे पुरते. त्याच आठवड्यात, 9 जानेवारीला, मोहम्मद अली रोडवरील सुलेमान उस्मान बेकरीत पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे मेली. 10 जानेवारीला वडाळ्याच्या हरी मशिदीत गोळीबार झाला. बेकरीतून पोलिसांवर शस्त्रांनी हल्ला होत होता ही पोलिसांची कहाणी आयोगाला पटली नाही. पण ती कहाणी ज्या सकाळी हातात पडली त्या सकाळी ती ‘बातमी’ होती. ती पारखली जाऊन आयोगाच्या अहवालात यायला पाच वर्षे लागली.

न्याय मागायला कुणी गेले नाही असेही नाही. राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसोझा यांनी ‘सामना’च्या अग्रलेखांवर खटला भरला जावा म्हणून उच्च न्यायालयात याचिका केली. 1994 मध्ये ती फेटाळली गेली. हे लिखाण सर्व मुसलमानांविरुद्ध नसून त्यांच्यातील देशविरोधी लोकांविरुद्ध आहे आणि इतक्या काळानंतर जुन्या जखमा उकरू नयेत, अशी न्यायालयाची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयातही याचिकाकर्त्यांना यश आले नाही. डिसोझा हे ख्रिस्ती होते, निवृत्त सनदी अधिकारी होते, त्यांचे स्वतःचे काही जळाले नव्हते. तरी ते गेले. त्याच काळात निखिल वागळे यांचे ‘आपलं महानगर’ शिवसेनेविरुद्ध मराठीतच लिहीत होते आणि त्यासाठी हल्ले सोसत होते. आपल्या आठवणीत सामना राहतो आणि महानगर विसरले जाते, हे काही बरे नाही. आपण गवाह आहोत आणि अर्धी गवाही देणे हेही पाप आहे.

मालेगाव आणि लोकल

चौथा प्रश्न, म्हणजे पेपर परत आला का, हा सर्वात कडू आहे.

8 सप्टेंबर 2006 रोजी शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर, मालेगावात बॉम्बस्फोट झाले. मेलेले मुसलमान होते, आणि काही आठवड्यांत पकडले गेलेले नऊ जणही मुसलमान होते. आपल्याच कबरस्तानाजवळ, फातिहा पढायला आलेल्या आपल्याच माणसांवर त्यांनी बॉम्ब का टाकावेत, हा प्रश्न टपरीवरच्या प्रत्येकाने विचारला. तोच प्रश्न तपास यंत्रणेला खडसावून विचारणाऱ्या बातम्या तेव्हा फार थोड्या आल्या. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेने वेगळेच आरोपी पुढे आणले. 25 एप्रिल 2016 रोजी न्यायालयाने हयात असलेल्या आठ जणांना आरोपमुक्त केले. नववा तोपर्यंत या दुनियेत नव्हता.

लोकलचा खटला त्याहून लांबला. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले आणि 180 हून अधिक माणसे मेली. त्यांत सर्व जातीधर्मांचे प्रवासी होते. 2015 मध्ये झालेल्या शिक्षांची बातमी आम्ही दिघ्याच्या टपरीवर वाचली ती वर सांगितलीच. त्याच निकालात एक जण नऊ वर्षांच्या तुरुंगवासानंतर निर्दोष सुटला होता. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या सर्व 12 जणांची शिक्षा रद्द केली. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ओळखपरेड सदोष आहे आणि सरकार पक्ष आरोप सिद्ध करण्यात पूर्णपणे अपयशी ठरला आहे, असे न्यायालयाने म्हटले. बारांपैकी एक जण 2021 मध्येच तुरुंगात असताना वारला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात जावे लागले नाही.

19 वर्षांत या माणसांविषयी जी विशेषणे छापली गेली ती आज कुणी मागे घ्यायची? ‘मास्टरमाइंड’, ‘कट्टर’, ‘मॉड्यूल’ हे शब्द पोलिसांच्या पत्रकार परिषदेतून थेट मथळ्यात गेले होते. ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे दोन साधे शब्द जोडले असते तर बातमी खरी राहिली असती आणि माणूसही माणूस राहिला असता. आणि या सगळ्यात स्फोटात मेलेल्यांची घरे 19 वर्षांनीही विचारतात की मग आमच्या माणसांना मारले कुणी? घाईची बातमी आरोपीला जसा न्याय नाकारते तसाच मृतालाही नाकारते. खऱ्या गुन्हेगाराचा शोध अशा गोंगाटात थांबतो.

करोनाच्या वर्षीही हेच झाले. 2020 मध्ये तबलीगी जमातच्या नावाने वाहिन्यांनी जे रान उठवले ते आठवत नाही असे एकही मुसलमान घर महाराष्ट्रात नसेल. 21 ऑगस्ट 2020 रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी तबलीगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे सुनावले. छापील आणि दृक्‌श्राव्य माध्यमांतून झालेल्या प्रचारावरही न्यायालयाने बोट ठेवले. पण त्या काळात ज्या भाजीवाल्याच्या गाडीवर लोकांनी बहिष्कार घातला, त्याच्या गाडीपाशी तो निकाल वाचून दाखवायला कोण गेले?

विकलेली पाने

पक्षपात म्हटला की आपल्याला फक्त धर्म दिसतो. पण बातमीचा तराजू पैशानेही झुकतो, आणि तिथे हिंदू-मुसलमान हा भेद नसतो. 2009 च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी महाराष्ट्रातल्या मोठ्या मराठी दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारी पानेच्या पाने आली. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती शेजारी शेजारी ठेवली आणि काही मजकूर वेगवेगळ्या स्पर्धक दैनिकांत शब्दशः सारखा असल्याचे दाखवून दिले. चव्हाण यांनी निवडणूक खर्चात वर्तमानपत्री जाहिरातींसाठी अवघे 5379 रुपये दाखवले होते. ही पाने पैसे देऊन आली नाहीत असे त्यांनी सांगितले, आणि पुढे निवडणूक आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा आदेश 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात टिकला नाही. ‘पेड न्यूज’ हा शब्द मात्र तेव्हापासून आपल्या भाषेत राहिला.

साईनाथांनी काय केले ते पाहा. त्यांनी कुणाच्या घरावर धाड टाकली नाही. पेपर जपून ठेवले आणि एकावर एक ठेवून वाचले. हे काम दिघ्यातल्या टपरीवरही होऊ शकते.

दिघा आणि वरळी

आता 99 इमारतींकडे येऊ. त्याच्या दोन वर्षे आधी वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीचे प्रकरण गाजले होते. तिथेही बिल्डरने परवानगीपेक्षा 35 मजले जास्त चढवले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने ते पाडायला सांगितले होते. नोव्हेंबर 2013 मध्ये पालिकेची माणसे आणि पोलीस आत शिरले तेव्हा वाहिन्यांचे कॅमेरे फाटकापाशी होते. रडणाऱ्या बायका, म्हातारी माणसे, मुलांची दप्तरे सगळ्या देशाने पाहिली. 13 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने बातम्यांची स्वतःहून दखल घेऊन पाडकामाला स्थगिती दिली. आम्हाला त्याचे वाईट वाटले नाही. ज्याने आयुष्यभराची कमाई घरात घातली त्याचे घर वाचावे असेच कुणालाही वाटेल.

पण मग दिघ्यातल्या माणसाने आयुष्यभराची कमाई घातली नव्हती का? इथे फ्लॅट घेणारा कारखान्यातला कामगार होता, रिक्षावाला होता, गावची जमीन विकून आलेला होता. सातबारा आणि एमआयडीसीची हद्द यातला फरक त्याला कुणी सांगितला नव्हता. इमारत एका रात्रीत उभी राहत नाही. पाया खणला जातो, स्लॅब पडतात, विजेचे मीटर लागतात. हे सगळे होत असताना ज्यांनी पाहायचे होते त्यांनी पाहिले नाही. कॅमेरे दिघ्यातही आले, नाही असे नाही. पण ते बुलडोझरबरोबर आले आणि बुलडोझरबरोबर गेले. जी बातमी आम्ही रोज शोधत होतो ती होती बांधणाऱ्याची आणि बांधू देणाऱ्याची. ती क्वचित मिळाली. वरळीत ‘रहिवासी’ होते, इथे बातमीचा कर्ता ‘बेकायदा इमारत’ होती. इमारतीला डोळे नसतात, ती रडत नाही.

न्यायालयाचा आदेश चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. सरकारी जमिनी बिल्डरांनी लुटाव्यात आणि मग गरिबांना ढाल करून नियमित करून घ्याव्यात, हा धंदा थांबलाच पाहिजे. पुढे 2017 मध्ये राज्य सरकारने 31 डिसेंबर 2015 पर्यंतची काही बेकायदा बांधकामे नियमित करता यावीत म्हणून नगररचना कायद्यात दुरुस्ती केली. तिच्या बाजूने आणि विरोधातही प्रामाणिक युक्तिवाद होऊ शकतात. बातमीदाराने ते दोन्ही मांडायला हवेत. आमचे म्हणणे एवढेच की एकाच गुन्ह्याला दोन गावांत दोन शब्द वापरू नयेत. आणि इथे धर्माचा प्रश्नच नव्हता. त्या 99 इमारतींत आमच्या शेजारी आगरी, दलित, मराठा, भय्ये सगळेच होते. बातमीच्या तराजूत गरीब माणूस हलकाच भरतो, मग त्याच्या घरात फातिहा होवो की सत्यनारायण.

आपले पारडे

इतके दुसऱ्यांना सुनावल्यावर आपलेही माप काढले पाहिजे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर उर्दू वृत्तपत्रांतून, विशेषतः ‘रोजनामा राष्ट्रीय सहारा’चे संपादक अझीझ बर्नी यांच्या लेखणीतून, हा हल्ला संघाचा कट असल्याचे सुचवणारे लिखाण आले. त्याचे पुस्तकही झाले. ते आपल्यातल्या अनेकांनी चवीने वाचले, कारण ते आपल्या जखमेवर फुंकर घालत होते. त्याची सनद कुणी विचारली नाही. 2011 च्या जानेवारीत बर्नी यांनी त्याबद्दल आपल्याच वर्तमानपत्रात जाहीर माफी मागितली. ज्यांनी लेख जपून ठेवले होते त्यांपैकी कितींनी माफीनामा जपून ठेवला?

दुसरा दाखला अधिक जिव्हारी लागणारा आहे. 29 सप्टेंबर 2008 रोजी मालेगावच्या भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण मेले. या वेळी पकडलेले आरोपी हिंदू होते. तेव्हा ‘भगवा दहशतवाद’ हा मथळा आपल्यापैकी अनेकांना खटकला नाही. ‘आरोपी’ आणि ‘गुन्हेगार’ यांतला फरक, जो 2006 मध्ये आपण घसा फोडून सांगत होतो, तो 2008 मध्ये आपल्याही जिभेवरून घसरला. 31 जुलै 2025 रोजी विशेष न्यायालयाने त्या सातही आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. लोकलच्या निकालाला इन्साफ म्हणायचे आणि दहा दिवसांनी आलेल्या या निकालाला मिलीभगत, असे न तपासता म्हणता येणार नाही. निकालावर टीका जरूर करावी, सरकार एका निकालाविरुद्ध तातडीने वर गेले तसे दुसऱ्याविरुद्ध गेले का हेही विचारावे, पण तराजू एकच असावा. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत हेच बजावले आहे की कुणाविषयीच्या वैराने तुम्हाला इन्साफ सोडायला लावू नये. ही आयत पाळायला सर्वात कठीण आहे, कारण ती आपल्याला दुसऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या बाजूला उभे राहून न्याय करायला सांगते.

आज तर प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. मोबाइलवर आलेली खबर पुढे ढकलताना आपणच बातमीदार असतो. ‘जैसे आया वैसे भेजा’ हे उत्तर दुनियेतल्या कुठल्याही मुहद्दिसाने कबूल केले नसते.

करायचे काय

रागावून पेपर बंद करणे हा उपाय नव्हे. बातमी चुकली तर संपादकाला पत्र लिहावे, तारीख आणि पान नमूद करून, नेमके काय चुकले ते दोन ओळींत सांगून. त्याने दाद दिली नाही तर भारतीय वृत्तपत्र परिषद आहे. ही परिषद 1966 मध्ये स्थापन झाली आणि 1978 च्या कायद्याने ती पुन्हा उभी राहिली. दैनिकाविरुद्धची तक्रार मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांत करावी लागते आणि आधी संपादकाला लिहिलेले असावे लागते. परिषदेला दंड किंवा तुरुंगवास देता येत नाही, फक्त समज देता येते आणि निषेध नोंदवता येतो. वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. म्हणजे तिचे हात आखूड आहेत. तरी नोंद ही नोंद असते. श्रीकृष्ण अहवालातल्या शिफारशींवर पुरेशी कारवाई झाली नाही, पण तो लिहिला गेला म्हणून आज आपण पुराव्याने बोलू शकतो. नसता लिहिला गेला तर आपल्याकडे फक्त रडणे उरले असते.

आणि आपली मुले पत्रकारितेत गेली पाहिजेत. ‘मुसलमानांची बाजू’ मांडायला नव्हे, तर ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्याची, पाण्याची, शाळेची बातमी नीट लिहायला. लोखंडे सांच्याजवळ उभे राहिले होते म्हणून वेगळे लिहू शकले. बातमीच्या खोलीत जो नसतो त्याच्याविषयी तिथे वाटेल ते बोलले जाते.

12 जानेवारी 2024 रोजी दिघा गाव रेल्वेस्थानक सुरू झाले. स्थानक त्याआधीच बांधून तयार होते आणि उद्‌घाटनाची वाट पाहत पडून होते. सुरू झाले तेव्हा ते कुणाच्या पाठपुराव्याने झाले, यावर पक्षापक्षांत श्रेयाची ओढाताण झाली. टपरीवर आम्ही त्या दिवशी तीन पेपर एका बाकावर पसरले. शेजारच्या एका निवृत्त कामगाराने चष्मा पुसत तिन्ही मथळे वाचले आणि विचारले, ‘तयार असलेलं स्टेशन इतके दिवस बंद का होतं, हे यातल्या कुणी लिहिलंय का?’

आम्ही पुन्हा वाचायला बसलो. एका पेपरात, आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात ते होते. बातमीदाराचे नाव नव्हते. आम्ही तो कोपरा कापून ठेवला.